एकशे सत्तावीस नंबरची जोडी

दोन डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे, हे मी बल्गेरियातल्या झ्लातोग्रादच्या त्या लोकगीतांच्या संग्रहालयात दहा वर्षं ओरडून सांगत होतो. एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप लिहिलं जातं, एवढंच. म्हणजे एकीवर चूक झाली की दुसरीवरही इमानेइतबारे तीच चूक. पण तिथला सर्व्हर सांभाळणारा मिन्चो ऐकेल तर शपथ! एप्रिलमध्ये तो गेला, ऑक्टोबरात त्याचं मशीन गेलं, आणि मी स्मोल्यानहून नवं मशीन घेऊन आलो.

मिन्चोच्या दोन्ही डिस्क त्यात बसवल्या. संचालिका रोसित्सामावशी दारातच उभ्या होत्या.

"आज आईचा स्मृतिदिन," त्या म्हणाल्या. "दरवर्षी आज तिचं गाणं ऐकते. चार मिनिटं दहा सेकंद. टेप बुरशीने गेली, माहितीय ना तुला? तिचा आवाज आता फक्त यातच आहे."

"पाच मिनिटं द्या, मावशी."

दोन तास गेले.

डिस्कच्या जोडीचं नाव एमडी-शून्य यायला हवं होतं, आलं एमडी-एकशे सत्तावीस. त्यात नवल काही नाही. डिस्कवर घरच्या मशीनचं नाव लिहिलेलं असतं. ते जुळलं नाही की लिनक्स जोडीला परकी समजतं आणि असला पाहुण्यांचा नंबर देतं. मी नाव वाचलं: मिन्चो. या महाशयांनी मशीनला स्वतःचंच नाव दिलं होतं! मी ते बदलून नव्या मशीनचं घातलं, सेटिंगमध्ये शून्य टाकलं, आणि मशीन सुरू होताना वाचतं ती सेटिंगची छोटी प्रतही नव्याने बनवली. नवशिके नेमकी तीच विसरतात. मग रीस्टार्ट.

एकशे सत्तावीस. घर: मिन्चो.

तीनदा हेच. शेवटी नंबर गेला खड्ड्यात म्हणत त्याच नंबराने फायली उघडायला गेलो, तर उत्तर आलं की जोडी वापरात आहे. कोण वापरतंय म्हणून यादी काढली. कोणीच नाही. नेटवर्कची वायर उपटली, तरी वापरात. डिस्कचा दिवा थांबून थांबून लुकलुकत होता. खोलीत गरम धुळीचा वास होता आणि मिन्चो ओढायचा त्या सिगारेटीचा. पडद्यात मुरला असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

"आत कोणी आहे का रे?" मावशींनी हळूच विचारलं.

"आत कोण असणार? पंखा आहे."

"मग तुला घाम कशाला फुटलाय?"

मी बाहीने तोंड पुसलं. तेवढ्यात त्यांनी कपाळावर हात मारला.

"अरे देवा! आपण इथे कागद लावलाच नाही!"

"कसला कागद?"

"मिन्चो गेल्याचा! त्याला त्याच्या गावी पुरलं, तर सगळे कागद तिकडेच. फाटकावर, चर्चच्या दारावर, बसथांब्यावर. चाळिसाव्या दिवसाचे तिकडे, सहा महिन्यांचेही तिकडेच. आणि जिथे वीस वर्षं खुर्ची झिजवली तिथे एक नाही. त्याला कोणी सांगितलंय का?"

"मावशी, मेलेल्याला सांगावं लागत नाही."

"जिवंतपणी तरी त्याला सांगितल्याशिवाय काय कळायचं?"



मावशींनी काळ्या चौकटीचा कागद छापून आणला. मिन्चोचा दुसरा फोटो नव्हता, म्हणून सहलीतला घातला होता, हातात सॉसेज धरलेला. कागद त्यांनी मशीनच्या बरोब्बर हवेच्या भोकांवर चिकटवला. मशीन तापेल म्हणून मी कळवळलो. त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली आणि प्रथेप्रमाणे जमिनीवर थोडी वाइन ओतली.

"मावशी, वायरी!" मी किंचाळलो.

"गप रे. मिन्चो, ऐक बाबा. तू गेलास. एप्रिलमध्येच."

डिस्कचा दिवा विझला.

मी केवळ त्यांचं मन राखायला म्हणून रीस्टार्ट केलं.

एमडी-शून्य. घर: नव्या मशीनचं नाव.

"मघाची सेटिंग उशिरा लागू झाली असेल," मी म्हणालो. तसं कधी होत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

फायली उघडल्या. गाणं लागलं. मावशी डोळे मिटून, आवाज न करता आईबरोबर गात होत्या, आणि गालांवरून पाणी ओघळत होतं. चार मिनिटं दहा सेकंदांनी गाणं संपलं.

वेळेचे आकडे मात्र पुढे सरकत राहिले.

खुर्ची ओढल्याचा आवाज. मग तीच बाई, गाता गाता थांबल्यासारखी:

"कोण ते? मिन्चो का? ये बाबा, आत ये. दार ओढून घे."

मिन्चो या गावात आला तेव्हा तिला जाऊन पंचवीस वर्षं झाली होती.

मी फाईल तपासली. शेवटचा बदल पंधरा वर्षांपूर्वीचा.

"परत लाव," मावशी म्हणाल्या. त्या हसत होत्या. "तिला माणसं आलेली फार आवडायची रे."

मला लावायचं नव्हतं. लावलं.

गाणं. खुर्ची. मिन्चो, आत ये. आणि आता त्याच्याही पुढे, इकडच्या रीतीने तापल्या वाळूवर ठेवलेली कॉफी उकळल्याचा आवाज.

टेबलावर कप ठेवल्याचा आवाज आला. मग दुसऱ्याचा.

मावशींनी माझा हात धरला.

मग तिसरा. आणि मग, जरा आमच्या बाजूला सरकवून, चौथा.