संगणक का अडखळत होता?

सात वर्षांच्या ओजसला ऐकू यायचं, पण बोलता येत नव्हतं. तो हातांनी खुणा करायचा आणि टेबलावरचा संगणक त्या खुणा कॅमेऱ्यातून पाहून मोठ्याने बोलून दाखवायचा. बाबांनी त्यात नवा, वेगवान प्रोसेसर (संगणकाचा मेंदू) बसवला होता. तरीही ओजस रंगात आला, की थोड्या वेळाने संगणक अडखळू लागे. मग ओजस हात खाली घेई. हल्ली तो ‘भूक’, ‘पाणी’ एवढंच सांगायचा.

त्याची ताई शाल्मली बेचैन झाली. मेंदू नवा, मग अडतं कुठे? तिने आजोबांना विचारलं. नाना इलेक्ट्रॉनिक्सचे निवृत्त शास्त्रज्ञ होते.

नानांनी संगणक उघडून मदरबोर्ड (सगळे भाग जोडणारी मुख्य पाटी) दाखवला. संगणकाला अवघड काम लावून उष्णता दाखवणारा कॅमेरा तिच्या हाती दिला. प्रोसेसरशेजारचे चिमुकले काळे चौकोन पडद्यावर हळूहळू लालभडक झाले.

नानांनी सांगितलं, की हे चौकोन बारा व्होल्टची वीज एक-सव्वा व्होल्टवर आणून प्रोसेसरला देतात. या पाटीवर ते मोजकेच आणि उघडे होते; शिवाय ग्राफिक्स कार्डची (चित्रं हाताळणाऱ्या भागाची) गरम हवा त्यांच्यावरच येत होती. ते फार तापले, की पाटी प्रोसेसरचा वेग कमी करते.

“म्हणजे मेंदू चांगलाच आहे,” शाल्मली म्हणाली, “त्याला नीट जेवायलाच मिळत नाही.”

नवी पाटी घ्यायला दोघं दुकानात गेले. तिथे एक पाटी रंगीत दिव्यांनी झगमगत होती. दुसरी साधी, पण तिच्या चौकोनांवर उष्णता पसरवणारे ॲल्युमिनियमचे जाड पत्रे होते आणि ग्राफिक्स कार्डची खाच त्यांच्यापासून दूर होती. शाल्मलीने दुकानदाराला दोन्ही अर्धा तास चालवून पाहायला सांगितल्या. सुरुवातीला झगमगती पुढे होती, मग मागे पडली. साधी शेवटपर्यंत एका वेगाने चालली. शाल्मलीने तीच घेतली.

संध्याकाळी नवी पाटी बसवल्यावर ओजसने बिचकतच हात उचलले. संगणक बोलू लागला, बोलतच राहिला.

“शाळेमागच्या कुत्रीला पिल्लं झालीत. एकाला हाक मारली तरी ते वळत नाही. त्याला ऐकू येत नसणार. मी त्याला खुणा शिकवतोय. ‘ये’ त्याला कळतं.”

आई पदराने डोळे टिपत तिथेच खाली बसली.

ओजसने पुन्हा हात हलवले. “हा संगणक खिशात मावेल एवढा होईल का? मला शाळेतही बोलायचंय.”

नानांनी शाल्मलीकडे पाहिलं. “एवढ्याशा जागेत उष्णता कुठून बाहेर काढशील?”

शाल्मलीने कागद पुढे ओढला. ओजस तिला खेटून बसला.