मुळांना खाली कसं कळतं?

शिरूरहून सुटणाऱ्या एसटीत खिडकी मिळाली, की न्हावऱ्यापर्यंत मी पृथ्वीवर नसते. त्या दिवशीही नव्हते. बाहेर पाऊस भुरभुरत होता, मी एका यानात शिरले होते... आणि मांडीवर थंडगार थेंब पडला.

शेजारी झेंडूच्या रोपांचा ट्रे होता. ट्रेमागे एक सावळा, ओशाळलेला चेहरा.

"सॉरी हां... वर ठेवला असता, पन वर मावशींच्या कोंबड्या हायेत."

मी रोपांकडे बघत राहिले. माझ्या यानात नेमकं इथंच अडलं होतं.

"हे रोप उलटं टांगलं, तर मुळी कुठं जाईल?"

त्यानं रोपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "का? रोपानं काय केलंय तुमचं?"

"सांगा ना."

"वळून खालीच जानार."

"आणि खाली नसेलच तर?"

"खाली न्हाई म्हंजी?"

"म्हणजे वर-खाली काही नाहीच. अवकाशात असतं तसं."

असं काही विचारलं की लोक हसतात, नाहीतर माझ्या आईकडे काळजीनं बघतात. हा मात्र विचार करायला लागला. अगदी मनापासून, कपाळाला आठ्या घालून... आणि एकदम उठला.

"अरारा! मळा मागं ऱ्हायला माझा!"

कंडक्टरनं बेल मारली. तो ट्रे डोक्यावर घेऊन पावसात उतरला आणि खालून ओरडला, "इचार करून सांगतो!"

अख्खी एसटी माझ्याकडे बघत होती. मी खिडकीबाहेर बघत हसत होते.

माझं नाव राजनंदिनी. शिरूरला माती तपासायच्या लॅबमध्ये नोकरी करते आणि विज्ञानकथा लिहिते. दिवाळी अंकांत तीन कथा छापून आल्यात, पण गावात माझी ओळख 'ती यानवाली' एवढीच. स्थळ आलं की आमच्या मातोश्री मालनबाई 'तिला वाचनाची लई आवड हाय' म्हणतात आणि घाईनं पोह्यांकडे वळतात.

पुढच्याच आठवड्यात तो लॅबमध्ये मातीची पिशवी घेऊन उभा. पिशवीवर नाव होतं, ईश्वर. केंदूरचा. त्याचे मामा पोपटराव, त्यांच्या न्हावऱ्याजवळच्या मळ्यात त्यानं यंदाच नर्सरी टाकली होती.

"तुमच्या तिन्ही गोष्टी वाचल्या फोनवर," तो म्हणाला. "चांगल्या हायेत. पन एक बी मानूस घरी येत न्हाई त्यातला."

"प्राणवायू संपतो ना त्यांचा."

"थोडा जादा भरून न्यायचा की!"

"शास्त्रात बसत नाही," मी ऐटीत म्हटलं.

"लई कडक हाय तुमचं शास्त्र."

मग तो येतच राहिला. कधी गुलाबाच्या वाफ्याची माती, कधी मिरचीच्या. एकदा तर आधीचीच माती पुन्हा घेऊन आला.

"ही तपासलीय आपण," मी म्हटलं.

"बदलली आसंल."

"आठवड्यात?"

"मानूस बदलतो की आठवड्यात," तो पिशवीची गाठ सोडत म्हणाला. वर बघितलं नाही, पण कान लाल झाले होते. मी नळी उगाचच दोनदा धुतली.

कथा पुढे सरकत होती. यान गोल फिरत असतं, म्हणून त्यात वर-खाली असतं. ते फिरणं बिघडतं. बागेतल्या रोपांच्या मुळ्या वाट चुकतात, त्यांना पाणी सापडेना. बाकीचे छोट्या यानानं घरी निघतात आणि माळी एकटा मागे राहतो, एकेका रोपाला हातानं पाणी घालत, शेवटपर्यंत. हा माळी पॅन्टच्या मागच्या बाजूला हात पुसायचा. अडचण आली की आधी 'बरंय की' म्हणायचा. कुणासारखा ते वेगळं सांगायला नकोच.

रोपांचं काही चुकलंय का बघा, म्हणून मी कथा त्याला पाठवली. निळ्या खुणा उमटल्या. उत्तर नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी लॅबमध्ये दोघा शेतकऱ्यांच्या मातीची अदलाबदल करता करता वाचले.

सोमवारी संध्याकाळी तो न्हावऱ्याच्या स्टॅन्डवर माझी वाट बघत उभा होता.

"मला मारलंत," तो म्हणाला.

"तुम्हाला नाही. माळ्याला."

"आमच्या मामानं बी वाचलं. म्हनला, हा तर तूच हाय." तो हसला, पण नेहमीसारखा नाही. "नंदिनी... रविवारी दौंडला पोरगी बघायला जायचंय. मामाचा लई आग्रह हाय. मी नको म्हनलो, तर मामा म्हनतो कारन सांग. आता कुठलं कारन सांगू? जिचं नाव सांगावं म्हनतो, तिनं तर मला आभाळात एकटा सोडलाय."

पावसाचे बारीक कण त्याच्या केसांवर चमकत होते. मला तो आवडत होता. ट्रे डोक्यावर घेऊन उतरला तेव्हापासून आवडत होता. एक वाक्य बोलायचं होतं फक्त... आणि मी काय बोलले?

"शेवट बदलता येत नाही. शास्त्रात बसत नाही."

माझा हा हट्टी स्वभाव मला नेहमी नडतो. पण खोटं नव्हते बोलत. मला माणूस आवडला म्हणून त्याला वाचवलं, तर ती कथा कसली? ते नुसते लाड झाले. आणि कागदावरही ज्याला मी घरी आणू शकत नाही, त्याला तोंडानं 'थांब' कशी म्हणणार?

"आन् शास्त्रात बसवला तर?" त्यानं विचारलं.

"तर... बदलीन."

"बरंय की," तो म्हणाला आणि गेला.

तो आठवडा कसा गेला विचारू नका. आईनं भाजीत मीठ कमी आहे का विचारलं, मी 'प्राणवायू कमी आहे' म्हणाले. शनिवारी दुपारी फोन आला, "मळ्यात या."

नर्सरीच्या कोपऱ्यात, हिरव्या नेटखाली, बांबूला एक मोटार बांधली होती. तिच्यावर मिठाईचे दोन पारदर्शक डबे चाकासारखे उभे, अगदी सावकाश फिरत होते.

"अंडी उबवायच्या मशीनची हाय," ईश्वर म्हणाला. "शेजारच्या पोल्ट्रीवाल्याकडनं आनली. पहिल्यांदा लाइट गेली, मोटार थांबली आन् सगळ्या मुळ्या खाली गेल्या. मग बॅटरी लावली. सारखं फिरतंय म्हनल्यावर बियाला खाली कुठलं, तेच कळत न्हाई. बघा."

मी वाकले. डब्यात कापसावर मोड आलेले मूग होते. पहिल्या डब्यात मुळ्या वाटेल तिकडे गेल्या होत्या. एक वर, एक आडवी, एक गोल फिरून स्वतःकडेच. माझ्या यानातल्या बागेसारख्या, हुबेहूब.

"ह्यात सगळीकडं सारखीच वल हाय," तो म्हणाला. "आता हा दुसरा बघा. ह्यात एका बाजूलाच वला स्पंज ठेवलाय."

दुसऱ्या डब्यातल्या मुळ्यांनाही खाली ठाऊक नव्हतं. पण जवळजवळ सगळ्या एकाच बाजूला वळल्या होत्या. स्पंजाकडे.

मी कितीतरी वेळ बघत राहिले. डबा फिरत होता, मुळ्या फिरत होत्या, आणि तरीही त्यांना पाणी बरोबर कळलं होतं.

"म्हंजी माळ्यानं ओल्या चिंध्या लावून ठेवल्या, तर रोपं आपली आपन पानी पितील," ईश्वर हळूच म्हणाला. "मग त्याला मागं थांबायची काय गरज? येऊ द्या की त्याला... घरी."

माझे डोळे भरून आले. माझ्यासाठी आजवर कुणी प्रयोग केला नव्हता. माझ्या कथेतली चूक शोधायला कुणी मूग भिजत घातले नव्हते. शेवट बदला म्हणून त्यानं मला गळ घातली नाही. माझं शास्त्र पाळून, माझ्याच वाटेनं तो माझ्यापर्यंत आला होता.

"बसतं का शास्त्रात?" त्यानं विचारलं.

"बसतं," मी म्हटलं. "उद्या दौंडला किती वाजता निघायचंय?"

त्याचा चेहरा उतरला. "...धा वाजता."

"मामांना फोन लावा."

"काय सांगू?"

"तुम्ही नाही. मी सांगते."

त्यानं लावला, स्पीकरवर.

"पोपटमामा, मी राजनंदिनी. न्हावऱ्याच्या मालनबाईंची मुलगी."

"ती यानवाली व्हय?"

"हो, तीच. मामा... उद्या दौंडला जाऊ नका. आमच्याकडं या."

"का गं? काय काम काढलं?"

"पोरगी बघायला."

पलीकडून एक खोकला. "कुठली पोरगी?"

"बोलतेय ती."

मामांचा आवाज एकदम मऊ झाला. "ईश्वर हाय का तिथं?"

"हाय, मामा."

"तुला पसंत हाय का रं?"

ईश्वर माझ्याकडे बघत होता. कानांपासून गळ्यापर्यंत लाल. "कवाचीच."

"मग आधी बोलायला काय झालं व्हतं, येड्या? दौंडवाल्यांची मी हात जोडून माफी मागतो आता. मालनबाईला सांग, पोहे करू नको म्हनावं. चहा पुरं!"

फोन बंद झाला. नेटवर पाऊस टपटपत होता. ईश्वरनं पॅन्टच्या मागे हात पुसले, नीट पुसले, आणि मग माझा हात धरला.

दिवाळी अंकाच्या संपादकांचा पुढच्या महिन्यात फोन आला. कथा घेतोय म्हणाले, पण आश्चर्य वाटलं. "तुमच्या कथेतला माणूस चक्क घरी येतो? शेवट एवढा गोड कसा झाला?"

मी शेजारी बसलेल्या ईश्वरकडे पाहिलं. तो मुगाच्या उसळीबरोबर भाकरी खात होता, प्रयोगासाठी आणलेल्यातले उरलेले मूग.

"शास्त्रात बसला म्हणून," मी म्हटलं.