‘राहा’ म्हणायची पद्धत

जकार्ता सोडून सालातिगा या जावातल्या लहान शहरात राहायला आलेल्या दुमा सितोरुसने पहिल्याच आठवड्यात एका घरच्या लग्नकार्यात विघ्न आणलं. त्याबद्दल त्या घराने तिला तीन कप चहा पाजला.

झालं ते असं. दुपार कलली होती, पाऊस नुकताच पडून गेला होता आणि दुमा गल्लीतून काही काम नसताना चालली होती. काम नसताना चालणं ही तिला मोठी चैन वाटत होती. जकार्तात चालायचं म्हणजे एका गाडीतून उतरून दुसऱ्या गाडीपर्यंत. इथे हवा गार, समोर मेरबाबूचा डोंगर ढगात मान खुपसून बसलेला, आणि खोलीचं भाडं इतकं कमी की पहिल्यांदा ऐकल्यावर तिने “आठवड्याचं का?” म्हणून विचारलं होतं. विमा कंपनीतलं तिचं काम लॅपटॉपवर होत होतं, आणि लॅपटॉपची डोंगराला काही हरकत नव्हती.

गल्लीच्या वळणावर एका ओसरीत बू मिराह उभ्या होत्या. (‘बू’ म्हणजे काकू.) साठीच्या बाई, अंगात जरीचा पोशाख, अंबाड्यात मोगरा, हातात किल्ली. दुमा समोरून जाताना त्या हसून म्हणाल्या, “या ना, टेका जरा.”

सालातिगात हे वाक्य रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही म्हणतात. जाणाऱ्याने किंचित वाकून “हो हो, पुन्हा कधीतरी” म्हणायचं आणि चालू पडायचं. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण दुमा सुमात्राकडच्या बाताक घरातली. बाताक माणूस ‘या’ म्हणतो तेव्हा ताट वाढलेलं असतं, आणि ‘जा’ म्हणतो तेव्हा दार उघडलेलं. शिवाय जकार्ताच्या इमारतीत इतकी वर्षं राहून शेजाऱ्याने तिला एकदाच हाक मारली होती, तीही तुमचा नळ वाहतोय म्हणून. तिला भरूनच आलं. ती चपला काढून आत गेली.

बू मिराहनी किल्ली मुठीत लपवली.

आतून एक तरुण मनगटाचं बटण लावत आला. कडक इस्त्रीचा बातिकचा सदरा, चापून बसवलेला भांग.

“मिको, पाहुण्या आल्यात,” बू मिराह म्हणाल्या.

त्याने आईकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, दुमाकडे पाहिलं — आणि तिथे, कोण जाणे का, गरजेपेक्षा जरा जास्त वेळ पाहिलं. मग म्हणाला, “चहा टाकतो.”

“तुम्ही घरी रोज असेच नटून बसता?” दुमाने कौतुकाने विचारलं.

“रोज नाही... अधूनमधून.”

“छान आहे. जकार्तात आम्ही घरी आल्यावर फाटका टी-शर्ट शोधतो.”

बाहेर एक गाडी दोनदा हॉर्न वाजवून गप्प झाली.

“कुणाची तरी गाडी आलीय वाटतं.”

“वाजवतात इथे,” मिको म्हणाला. “हौस असते लोकांना.”

संध्याकाळी दुमाने हे सगळं घरमालकीण बू कुस यांना आनंदाने सांगितलं. गल्लीतली प्रत्येक बातमी बू कुसकडूनच पुढे जायची. त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं.

“आज मिराहच्या भाचीचं न्हाण होतं,” त्या म्हणाल्या. “लग्नाआधी सात बायकांनी नवरीवर फुलांचं पाणी घालायचं असतं. सातवी मिराह. ती पोचलीच नाही म्हणे. शेवटी फोटो काढणाऱ्या बाईच्या हातात तांब्या दिला. आता नवरीच्या न्हाणाचा एक फोटो धड नाही.”

“मग मला सांगितलं का नाही त्यांनी?”

“काय सांगायचं?”

“की आम्ही निघालोय, तुम्ही जा.”

“आलेल्या माणसाला जा म्हणायचं?” बू कुसना प्रश्नच नीट कळला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुमा माफी मागायला गेली. तेव्हा तिला कळलं की मिको दातांचा डॉक्टर आहे. पुढच्या खोलीत तो लोकांचे दात बघायचा आणि मागच्या खोलीत बू मिराह शेंगदाण्याची कडक वडी करायच्या. या दोन धंद्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, असं मायलेक न विचारता सांगत.

“काल मी तुमचं न्हाण बुडवलं,” ती म्हणाली.

“छे. आम्ही कुठे निघालोच नव्हतो.”

“डॉक्टर, गाडी हॉर्न वाजवत होती.”

“ती... शेजाऱ्यांकडे आली असेल.”

“खोटं बोलताना तुमचे कान लाल होतात.”

मिकोने कानाला हात लावला. “हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं.”

“कोण सांगणार? इथे कुणी काही सांगतच नाही.”

तो हसला. हसताना त्याचा एक दात किंचित वाकडा दिसला. दाताच्या डॉक्टरचाच दात वाकडा, या गोष्टीने दुमाला का कोण जाणे, फार बरं वाटलं.

“मला शिकवा,” ती म्हणाली. “खरं बोलावणं ओळखायचं कसं?”

“सोपं आहे. पहिल्यांदा ‘या’ म्हटलं, ते हवेला. दुसऱ्यांदा म्हटलं, ते शेजाऱ्यांना ऐकू जावं म्हणून. तिसऱ्यांदा म्हटलं तर विचार करायला हरकत नाही.”

“बरं. येते मी.”

ती दारापर्यंत गेली तेव्हा मागून आवाज आला, “संध्याकाळी रोंदे प्यायला येता?”

“हे हवेला झालं.”

“येता?”

“हे शेजाऱ्यांना.”

 मग खूप हळू... “येता?”

“विचार करते,” दुमा म्हणाली, आणि संध्याकाळी त्याच्याआधी जाऊन बसली.

रोंदे म्हणजे आल्याच्या कढत पाण्यात सोडलेले तांदळाचे मऊ गोळे. डोक्यावर ताडपत्री, ताडपत्रीवर पाऊस, वाटीतून वाफ. त्या वाफेआडून दोघांचं रोज भांडण चाले. मिकोने शिकताना जकार्तात सहा वर्षं काढली होती, म्हणून तो मोठ्या शहराची बाजू घ्यायचा. दुमा इथे नवी, म्हणून ती सालातिगाची.

“इथे कुठेही पायी जाता येतं,” ती म्हणायची.

“जाऊन करायचं काय? आठला दुकानं मिटतात.”

“हवा चांगली आहे.”

“हवेवर पगार वाढत नाही. तुमच्या जोगं काम इथे एकही कंपनी देणार नाही.”

“माणसं विचारपूस करतात.”

“तीच तर भीती. काल तुम्ही दोन वाट्या प्यायलात. आज सकाळी एका पेशंटने तोंड उघडं असताना मला विचारलं, त्या मुलीला गोड जास्त चालतं का?”

“मग काय सांगितलंत?”

“तोंड मिटू नका म्हटलं.”

तो तिला म्बाक दुमा म्हणायचा, ती त्याला मास मिको. म्बाक म्हणजे ताई, मास म्हणजे दादा. इथे भाजीवालाही मास आणि बायका नवऱ्यालाही मासच म्हणतात. त्यामुळे माणूस भाजीवाल्यापासून किती पुढे सरकलाय, हे हाकेवरून कळत नाही. दुमाला ते कळून घ्यायचं होतं. पाऊस वाढला की मिको आपली खुर्ची तिच्याकडे सरकवायचा, आणि विचारलं की “इकडे गळतं” म्हणायचा. दुमाने एकदा वर पाहिलं. ताडपत्री नवीकोरी होती. त्याचे कान लाल होते.

दोन ऋतू असे गेले. मग जकार्ताच्या कंपनीने कळवलं की पुढच्या महिन्यापासून सगळ्यांनी आपापल्या टेबलाशी येऊन बसायचं. येणार नसाल तर टेबल दुसऱ्याला देऊ.

दुमाने हे रोंदे पिताना सांगितलं. मिकोने चमचा वाटीत ठेवला.

“कंपनी चांगली आहे,” तो म्हणाला.

“आहे.”

“पगारही...”

“पगारही आहे. तुम्हाला काय वाटतं?”

“तुमचं भलं व्हावं असं वाटतं. तुम्हाला योग्य वाटेल ते करा.”

 त्या दिवशी तिने वाटी अर्धीच प्यायली. घरी जाऊन तिने कपड्यांची एक पेटी भरली, रिकामी केली आणि पुन्हा भरली. जकार्तात तिला टेबल होतं, बढती होती, ओळखीचे रस्ते होते. इथे होता एक डोंगर आणि एक माणूस, आणि दोघांपैकी कुणीच तोंड उघडत नव्हतं. डोंगराचं ठीक होतं.

कंपनीला उत्तर द्यायच्या दिवशी, भर दुपारी, ती दवाखान्यात शिरली. खुर्चीत बू कुस आडव्या होत्या, तोंडात कापसाचे बोळे. मिकोने नुकतंच त्यांच्या दाढेत सिमेंट भरलं होतं.

“नंतर बोलू का?” मिको म्हणाला.

“नाही. मास मिको, ऐका. इथे राहिले तर पगार तिसऱ्या हिश्शावर येईल. मी चौकशी केलीय, शिकवण्या मिळतील. ते माझं मी निभावेन, त्याची काळजी तुम्ही करायची नाही. या शहरासाठी राहायचं की नाही, हे मी एकटी ठरवू शकते. पण तुमच्यासाठी राहायचं की नाही, ते मला एकटीला ठरवता येत नाही.”

बू कुसनी डोळे मिटले होते, ते उघडले.

मिको हातमोजे काढायचे विसरून उभा होता. “मी रोज म्हणणार होतो,” तो अडखळत म्हणाला. “पण काय म्हणू? ‘राहा’? पाहुणा उठला की आम्ही ‘राहा ना’ म्हणतो. विमावाल्याला म्हणतो, मीटर बघायला येणाऱ्याला म्हणतो. तुमच्यापुढे तो शब्द ठेवायचा म्हणजे... झिजलेलं नाणं ठेवल्यासारखं. तुम्हाला वाटलं असतं, हवेला म्हणतोय.”

“मग दुसरा शब्द शोधा.”

तो विचार करू लागला. बाहेर पत्र्यावर पावसाचे टपोरे थेंब वाजायला लागले. मागच्या खोलीत बू मिराहचं शेंगदाणे कुटणं थांबलं.

“तुम्ही गेलात,” मिको शेवटी म्हणाला, “तर मला राग येईल.”

मागच्या खोलीत काहीतरी खाली पडलं. त्या घरात राग येणं हे दारू पिण्यासारखं होतं. लोक करत असतील, पण कुणी बोलून दाखवत नसे.

“किती?” दुमाने विचारलं.

“बराच. आणि मी तो गिळणार नाही. जकार्ताला येऊन तुमच्या इमारतीखाली उभा राहीन आणि सगळ्यांना दिसेल असा रागावेन.”

दुमाने त्याच्या कानांकडे नीट पाहिलं. ते अजिबात लाल नव्हते. लाल झाला होता तो बाकीचा चेहरा.

“मग नाही जात,” ती म्हणाली, आणि पेशंटच्या बाकावर बसली.  “आटपा तुमचं. मग कंपनीला कळवू, दोघं मिळून.”

मिको जाऊन तिच्यासमोर उभा राहिला. हात धरावा की नाही, हे त्याला ठरवता येत नव्हतं, म्हणून तिनेच धरला, हातमोज्यासकट.

खुर्चीतून बू कुसनी एक बोट वर केलं आणि घशातून काहीतरी आवाज काढला.

“बोलायचं नाही,” मिको दुमाकडेच बघत म्हणाला. “सिमेंट वाळायचंय.”

सिमेंट वाळायला पाच मिनिटं लागतात. सालातिगात एखादी बातमी एवढा वेळ थांबून राहिल्याचं त्याआधी कुणाला आठवत नाही.