एकोडीच्या मेंढ्याचा मान

"गुन्हेगार पोलिसांना फसवील, न्यायाधीशांना फसवील, पण या कृष्णराव टिचकुलेच्या नजरेतून आजवर काहीही सुटलेलं नाही," असं खासगी गुप्तहेर कृष्णराव टिचकुले साकोलीच्या स्टँडवर म्हणाले, तेव्हा एकोडीची बस त्यांच्या पाठीमागून सुटली.

मग ते आणि त्यांचे मदतनीस भय्याजी बैलगाडीनं निघाले; एकोडीच्या पंचांनी बोलावलं होतं. भय्याजी पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांना प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागे आणि तिसऱ्यांदा ते समजल्यासारखी मान डोलावत.

साल अठ्ठ्याहत्तर, महिना कार्तिक. एकोडीत सगळे धानवाले; पुंडलिकरावांनी मात्र मेंढ्यांचा कळप वाढवायचं मनावर घेतलं होतं. चैत्रात त्यांनी लांबून एक मेंढा आणला. नाव सुभेदार. शिंगं अशी, की दारातून आत घेताना चौकट खरवडली. आज कार्तिक उजाडला, तरी कळपात एक कोकरू नव्हतं.

"सुभेदाराले कोणीतरी काही चारलं जी," पुंडलिकराव म्हणाले. "दुसरं कोण? हा बुधराम. मेंढ्या हाच राखते. पहिल्यापासून म्हणे, हा मेंढा नको. पंचांसमोर सांगून टाकलं, दिवस मावळायच्या आत झोपडी खाली कर. अन् सुभेदार उद्या खाटकाले."

अंगणात पंचांसमोर बुधराम उकिडवा बसला होता. पलीकडे त्याची बायको भांडी गाठोड्यात बांधत होती.

"सुभेदार का नको होता रे?" कृष्णरावांनी विचारलं.

"आपल्याच कळपात एक जुळ्यातला मेंढा हाये जी. त्याच्या मायले दूध लय. असल्याची कोकरं जास्त होतात, अन् जगतात. पण त्याले शिंगं नाहीत, म्हणून चैत्रापासून वेगळा बांधला. मालकाले शिंगं पायजे होती."

"म्हणून रागानं सुभेदाराला काही चारलंस?"

"त्याचा खुराक माह्यापेक्षा चांगला. काही मिसळायच्या आधी मीच खाल्ला असता."

"बरं. सुभेदार कामाला लागला होता का?"

"लागला ना जी! त्याच्या छातीले गेरू फासतो. ज्या मेंढीवर चढला, तिची पाठ लाल होते. सारा उन्हाळा त्याच त्या मेंढ्या पुन्हा पुन्हा लाल. पोळ्यानंतर ज्या लाल झाल्या, त्या मात्र त्याच्याकडे परत गेल्याच नाहीत. कंटाळल्या असतीन."

"होतं असं," भय्याजी मनापासून म्हणाले.

मग शेजारच्या बेबीबाईला बोलावलं. मेंढ्यांनी तिची मिरची खाल्ली होती.

"शिव्या देल्या, हाव," ती म्हणाली. "पण शिव्यांनी गाभ पडत असते, तं या गावात एक लेकरू जन्माले आलं नसतं."

"हिनंच मेंढ्यांना गाभ पाडायचा पाला चारला," भय्याजी कृष्णरावांच्या कानात म्हणाले. ते सगळ्या अंगणाला ऐकू गेलं.

पुंडलिकरावांच्या पत्नी सत्यभामाबाई चहा घेऊन आल्या.

"किती लाड केले जी त्याचे! टिनाची नवी खोली बांधली. पोळ्याच्या बैलाले असते तशी झूल शिवली. काळी मखमल, आत कापूस, पार मांड्यांपर्यंत. चैत्रापासून अंगावर होती. आषाढातल्या वादळात टिन उडाले, झूल भिजून कुजली. तवापासून बिचारा गोठ्यात, उघडा."

कृष्णरावांनी चहा संपवला. बैलगाडीनं त्यांची कंबर धरली होती. उभं राहून रहस्यभेद करायची नेहमीची हौस आज नव्हती. ते बाजेवर आडवे झाले.

"सुभेदाराला कुणी काही चारलं असतं, तर तो कामाला लागलाच नसता. गेरू सांगतो, लागला. म्हणजे बुधराम सुटला. बेबीबाईनं गाभ पाडला म्हणावं, तर आधी गाभ राहायला हवा. गाभण मेंढी नराकडे परत जात नाही. ह्या सारा उन्हाळा जात होत्या. म्हणजे पाडायला गाभ नव्हताच."

"मग सुभेदारच वांझ!" भय्याजी म्हणाले.

"तर मग पोळ्यानंतरच्या मेंढ्या परत का गेल्या नाहीत?"

"कंटाळल्या..."

"गाभण आहेत, भय्याजी."

अंगणात कुजबूज झाली.

"नराचं बीज थंड राहावं, म्हणून देवानं ते अंगाबाहेर टांगलं. तुम्ही वैशाखात त्याला टिनाखाली कोंडून वर कापसाची झूल घातलीत. बीज उकडलं. सुभेदार इमानानं राबत राहिला. त्याला कोण सांगणार? आषाढात टिन उडाले, झूल गेली, आणि पोळ्यापर्यंत नवं बीज तयार झालं. माघात कोकरं बघा."

"मंग गुन्हेगार कोण?" पुंडलिकरावांनी विचारलं.

"तुम्ही आणि वहिनी. मेंढ्याला बैलाचा मान दिलात. बैलाला झूल चालते, त्याच्याकडून कोणी पोरांची आशा करत नाही. नर निवडताना जे पाहायचं, तेच झाकलंत आणि शिंगं पाहत बसलात."

सत्यभामाबाईंनी पदर तोंडाला लावला. पुंडलिकराव मग उठले आणि पंचांदेखत त्यांनी हात जोडले.

"बुधराम, चुकलो. झोपडी तुहीच. पुढच्या खेपेले मेंढा तूच निवडशील. अन् आज माग, काय पायजे ते माग. नाही म्हणणार नाही."

गाठोडं बांधणारे हात थांबले. पंच पुढे झुकले. कृष्णरावसुद्धा कोपरावर उठून बसले.

बुधराम गुडघ्यांवर हात टेकून सावकाश उभा राहिला.

"मालक, सकाळपासून बसवून ठेवलं. पयले लघवीले जाऊन येऊ का?"