चार नंबरचं बोट

बसा. चहा येईल. फक्त त्या पियानोच्या खोलीत जायचं नाही, आधीच सांगून ठेवतो.

माझं काम तुम्हाला ठाऊक आहे. सत्तर-ऐंशी वादकांची सिंफनी दोन हातांत बसवून लिहायची, म्हणजे ती घरच्या पियानोवर वाजवता येते. काय ठेवायचं, काय गाळायचं, सगळी अक्कल तिथे. बावीस पुस्तकं निघाली, बावीसही माझ्या नावावर. आणि बावीसही माझ्या ताईने लिहिलेली. घ्या, बोललो एकदाचं!

लहानपणी भांडणात मी पियानोचं झाकण आपटलं. ताईचा उजवा हात खाली होता. करंगळीशेजारचं बोट गेलं. पियानोवाले बोटांना नंबर देतात, अंगठा एक, करंगळी पाच, आणि कुठला सूर कुठल्या बोटाने ते आकड्याने लिहितात. त्यामुळे ताईच्या वह्यांत उजव्या हाताला चार हा आकडा कधी आलाच नाही. ती मागच्या खोलीत लिहायची, मी स्टेजवर टाळ्या घ्यायचो.

शेवटची वही तिने अंथरुणात पुरी केली. "या एकीवर तरी माझं नाव घाल रे," म्हणाली.

"घालतो, ताई."

ती गेल्यावर आठवड्याने, भर दुपारी, मी ती वही आणायला तिच्या खोलीत गेलो. पहिल्या पानावर तिने पेन्सिलीने स्वतःचं नाव लिहिलं होतं. मी ते खोडलं. कुणाला शंका नको म्हणून उजव्या हाताला जागोजागी चारचे आकडेही घातले. खोलीत तिच्या मलमाचा वास दाटून आला... बाहेर पियानोची एकच पट्टी कुणीतरी सावकाश दाबत होतं. उंदीर असेल, म्हटलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

पुस्तक निघालं. मग पियानो शिकवणाऱ्यांची पत्रं येऊ लागली. शेवटच्या पानावर मुलांचं चौथं बोट बधिर होतं, म्हणे. मी उत्तर दिलं, मुलं आळशी आहेत.

माझ्या आठ वर्षांच्या नातीने तेच पुस्तक काढलं. मी इथेच, या खुर्चीत बसलो होतो. शेवटच्या पानावर दर वेळी एक सूर गळायचा.

"चार नंबर लाव!" मी ओरडलो.

"लागत नाही, आजोबा..."

"लाव म्हणतो ना!"

धाडकन झाकण आपटलं. मी धावत गेलो. पोर खिडकीपाशी उभी होती, दोन्ही हात धड. झाकण बंद होतं. आणि बंद झाकणाखाली शेवटचं पान वाजत होतं, एकही सूर न गळता.

"को... कोण होतं गं?"

"एक आजी. हात चेंगरेल म्हणाली, मला उठवलं."

घरात ताईचा फोटोसुद्धा नाही हो. मीच ठेवला नाही.

"अजून काय म्हणाली?"

"म्हणाली, आता तुझ्या आजोबांना बसव."

काल प्रकाशकाकडे गेलो. पुढच्या आवृत्तीवर ताईचं नाव घाला म्हटलं. तो हसला. "वेड लागलंय का? तिला कोण ओळखतं?" खरंय. ओळखणार कसं? मी ओळखू दिलं तर ना!

त्या खोलीला कुलूप आहे, किल्ली माझ्या खिशात. तरी रोज दुपारी आत झाकण उघडल्याचा आवाज येतो. बंद झाल्याचा अजून एकदाही आलेला नाही.