शबनमची उजवी बाजू

आरमोरीत वरात म्हटली की कय्यूमभाईची घोड्यांची जोडी ठरलेली. डावीकडे शबनम, उजवीकडे बादल. दोन पावसाळ्यांपूर्वी पोटशूळाने बादल गेला आणि शबनम एकटी पडली. रस्त्याने निमूट चालायची, पण पाणी दिसलं की पाय रोवून उभी राहायची.

नेमका तिथेच कय्यूमच्या मुलीचा, नाहीदचा जीव अडकला होता. शाळांच्या घोडेस्वारी स्पर्धेत शेवटचा अडथळा पाण्याचा असे. गेल्या वर्षी शबनम तिथे थांबली, नाहीद थेट चिखलात पडली आणि प्रेक्षकांतल्या कुणीतरी तोंडाने वरातीचा बँड वाजवला. पोरगी रडली नाही, पण त्या दिवसापासून वरातीला यायची बंद झाली. यंदा तिची दहावी. पुन्हा संधी नव्हती.

म्हणून सगळं घर स्पर्धेला निघालं. शेजारच्या राजदीपच्या टेंपोत ताडपत्री, शेगडी, कय्यूमची बायको शकिलाची भांडी आणि शबनम. ती जोडीच्या सवयीने डावीकडेच उभी राहिली. टेंपो डावीकडे कलला, तेव्हा राजदीपने तोल साधायला दोन पोती वाळू उजवीकडे ठेवली. उजव्या कडीला बादलची दोरी अजून लोंबत होती. ती सोडायला कय्यूमचा हात होत नव्हता.

वैनगंगेचा पूल ओलांडून, सावलीच्या पुढे जंगलाला लागून शाळेचं मैदान होतं. बाहेरगावच्या कुटुंबांनी बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या काठावर तंबू ठोकले होते. कय्यूमने जागा निवडली ती मोहाच्या झाडाखाली. बुंध्याशी गावदेवीला वाहिलेले मातीचे घोडे रांगेने उभे होते.

दिवस कलताना त्याने चणे काढले आणि नाहीद चिडली.

"अब्बा, पुन्हा दोन तोबरे भरले? घोडी एकच हाय ना!"

खरंच की. हात सवयीने चालले होते. पण भिजवलेला दाणा परत पोत्यात टाकायचा नाही, ही त्याच्या बापाची शिस्त. इकडेतिकडे पाहून त्याने दुसरा तोबरा कडेच्या मातीच्या घोड्याच्या गळ्यात अडकवला. शकिला हसली. म्हणाली, "घ्या, पाहुण्याले जेवण!"

गावातला लटारू सरपण घेऊन आला होता. तो हसला नाही.

"भाऊ, कोणाले चारून राह्यले?"

"उरलं होतं म्हून दिलं."

"एकदा दिलं तं रोज लागन त्याले," लटारू म्हणाला आणि मोळी तिथेच टाकून निघून गेला.

सकाळी तोबरा रिकामा होता. माकडं असतील, कय्यूमने स्वतःची समजूत घातली. पण माकडं खातात तेव्हा चौफेर सांडतात. इथे एक दाणा खाली नव्हता, आणि तोबऱ्याचं कापड आतून ओलं होतं. कोमट होतं.

त्याने कुणाला सांगितलं नाही. स्पर्धेच्या सकाळी पोरीच्या डोक्यात भलतं कशाला घालायचं?

मैदानावरच्या मास्तरांना पाण्यापलीकडच्या चिखलावर टाकायला वाळू हवी होती. राजदीपने उत्साहाने दोन्ही पोती तिथे रिकामी केली.

नाहीदचं नाव पुकारलं. मागून कुणीतरी पुन्हा तोच बँड तोंडाने सुरू केला. शकिलाने कय्यूमचं मनगट धरलं.

पहिला अडथळा पार झाला. दुसराही. शबनम वाटेच्या मधून धावत नव्हती. डावी कड धरून, उजवीकडची निम्मी वाट मोकळी सोडून धावत होती. तिचा उजवा कान बाजूला वळला होता. कय्यूमला ती चाल ओळखू आली. जोडीची चाल.

मग त्याला टापा ऐकू आल्या.

चार नाही. आठ.

पाणी आलं. नाहीदने लगाम सैल सोडला. शबनमने पाय रोवले नाहीत. ती उडाली.

पलीकडच्या वाळूवर दोनदा धप्प झालं.

पंचांनी हात वर केला. एकही चूक नाही, पहिला नंबर! बँड वाजवणारेच शिट्ट्या मारू लागले. राजदीप बूट काढून नाचला. शकिला उभ्याउभ्या रडली, आणि कय्यूमला वाटलं, आयुष्यात एवढ्या वराती काढल्या, पण खरी वरात ही. पदक गळ्यात घालून आलेली नाहीद शबनमच्या मानेला बिलगली. वर्षभराने ती अशी हसत होती.

मग ती हळूच बापाजवळ आली.

"अब्बा, माझ्या उजवीकडून कोण धावत होतं?"

"कोणी नाई बेटा. काऊन?"

तिने उजवा पाय पुढे केला. पँटच्या बाहेरच्या बाजूला, जिथे शबनमचं अंग लागत नाही, तिथे घोड्याच्या घामाचा पांढरा फेस होता.

परतताना नाहीद पुढे बसली, पदक मुठीत धरून. राजदीप सुसाट गात चालला होता. पुलावर चढताना त्याचं गाणं मध्येच थांबलं.

"भाऊ, वाळू तं तिथंच टाकली आपण. गाडी मंग कलत काऊन नाई?"

कय्यूमने मागच्या काचेतून पाहिलं. शबनम डावीकडेच उभी होती, डोळे मिटून, समाधानाने. उजवीकडे काहीच नव्हतं. फक्त कडीची दोरी लोंबत नव्हती. ती ताठ ओढली गेली होती, आणि श्वासाच्या लयीत किंचित हलत होती.

नाहीदनेही पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तिने बापाच्या दंडावर हात ठेवला.

"अब्बा, घरी गेल्यावर दोघांचे चणे भिजवजा."