भिंत चार बोटं सरकली

खळीची बादली रिकामी करायला ती मागच्या अंगणात आली, तर कुंपणाच्या भिंतीला गाल लावून, एक डोळा मिटून, कुणीतरी अनोळखी उभा.

"भिंत चोरायला आलात?"

"चोरीला गेलीच आहे," तो गाल न काढता म्हणाला. "किती गेली ते बघतोय... चार बोटं."

गालाला चुना फासलेला तो वळून हसला — आणि तिची बादली ओतायचीच राहिली.

तो जमिनीची हालचाल मोजणारा. खाली खडकात भेग आहे म्हणे, आणि तिच्या दोन बाजू वर्षाला दोन नाण्यांच्या जाडीइतक्या एकमेकींना घासत उलट दिशांना सरकतात. भिंत बरोबर त्या भेगेवर तुटली होती. त्याने तुटल्या जागेच्या अल्याडपल्याड पितळी खिळे ठोकले. दर मंगळवारी मधलं अंतर मोजायला येणार होता.

बाबांनी परवानगी दिली, पण टोमणा मारूनच. "जमीनबिमीन काही नाही हो. गवंड्याने वाकडी बांधली. वीस वर्षं त्याचं तोंड पाहिलं नाही मी." पुढच्या खोलीत बाबांचं बाइंडिंगचं दुकान. हात सुतासारखा सरळ, आणि राग एकदा धरला की सुटायचं नाव नाही.

मंगळवार आला, गेला. मधले सहा दिवस तिला काही म्हणता काही सुचेना. एकाच पुस्तकाच्या घड्या तिने तीनदा घातल्या, एका वहीला पुठ्ठा उलटा चिकटवला. शुक्रवारी न राहवून स्वतःच फुटपट्टी घेऊन खिळ्यांपाशी गेली.

"खिळ्यांना खळ लागलीये," पुढच्या मंगळवारी तो म्हणाला.

"मांजर असेल."

"मांजर बाइंडिंग करतं?"

"करतं. आणि उशिरा येणारी माणसं त्याला खपत नाहीत."

असे सहा मंगळवार गेले. सातव्याला मात्र तो हसला नाही. मोजून झालं तरी बॅगेचा पट्टा नुसता चाळवत राहिला.

"एक सांगायचं राहिलंय... तो गवंडी माझे वडील."

"म्हणजे तुम्ही त्यांची बाजू मांडायला—"

"त्यासाठीच आलो होतो. पण भेग भिंतीपाशी थांबत नाही, तुमच्या दुकानाखालून जाते. वरची जमीन हळूहळू सरकतेय, खोलवरचा खडक मात्र अडकून बसलाय. ताण साठतोय. सुटला की मोठा भूकंप... उद्या होईल, शंभर वर्षांनी होईल, कुणालाच सांगता येणार नाही. झाला तर हे घर उभं फाटेल. अहवाल दिला की वडिलांवरचा डाग पुसला जातो — आणि तुमचं घर जातं. दोन आठवडे कागद बॅगेत घेऊन हिंडतोय."

"दोन आठवडे?" तिचा आवाज चढला. "बाबा त्या खोलीत रोज आठ तास बसतात!"

"तुम्ही परत माझं तोंड पाहणार नाही, याची भीती वाटली."

"कागद आत्ता दिला नाहीत, तर खरंच नाही पाहणार."

त्याने कागद दिला. तिने बाबांना हाक मारली. त्याने खिशातून वडिलांची जुनी दोरी काढली, भिंतीच्या एका तुकड्यावर ताणली, मग दुसऱ्यावर. दोन्ही तुकडे दोरीला चिकटून बसले, केसभरही फट नाही. सरकली होती ती खालची जमीन.

बाबांनी दोरीवरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"सरळ होती," ते म्हणाले आणि तिथेच पायरीवर बसले. "वीस वर्षं... आणि सरळ होती."

आठवड्याभरात दुकान खोक्यांत भरलं गेलं. जन्मल्यापासूनचं घर, तिला प्रत्येक खोक्यावर रडू येत होतं, आणि तरी कान फाटकाकडे. मंगळवारी तो आला. त्याच्यामागून, कुठूनसे, बाबाही आले.

"गवंड्याकडे जाऊन आलो," चपला काढत बाबा म्हणाले. "माफी मागितली. नवं दुकान तोच बांधणार, भेगेपासून लांब. म्हणत होता, पोरगा हल्ली मंगळवारी दोनदा दाढी करतो. मी म्हटलं, आमच्याकडे शुक्रवारी मांजर फुटपट्टी घेऊन फिरतं."

एवढं बोलून बाबा आत गेले. तो कानापर्यंत लाल झाला.

"खिळे इथेच राहणार," तो चाचरत म्हणाला. "मोजायला मला यावंच लागेल. तुम्ही मात्र तिकडे..."

"तिकडून येईन की मीही. दर मंगळवारी." तिने त्याच्या हातातलं मोजपट्टीचं दुसरं टोक धरलं. "आणि सारखं जमिनीकडे बघू नका हो. मला आवडता तुम्ही."

त्या दिवशीचं माप चुकलं. तिने खोडून पुन्हा लिहायला लावलं.